भुताच्या मालिकेतलं गाणं

माझ्या वडिलांची वाचा गेली ती पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. सोनपेठच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. त्या सकाळी ते एका गिऱ्हाइकाला पितळी कळशी दाखवत होते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात थांबलं आणि कळशी उजव्या हातातून सुटली. परभणीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून घरी आलो, तेव्हा चालणं थोडंफार परतलं होतं, उजवा हात लुळा होता, आणि बोलणं पार गेलं होतं. सगळं कळायचं, मान हलायची, डोळे बोलायचे. तोंडातून मात्र नुसता एक 'अं' यायचा. तोही फार जोर लावल्यावर.

मी त्यांची एकुलती मुलगी. गावातल्याच शाळेत शिकवते आणि त्यांच्याजवळच राहते. बोलण्याचे व्यायाम घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पहिलीच्या वर्गातली चित्रं घरी आणायची. आंबा दाखवून म्हणायची, "अप्पा, म्हणा, आं-बा." ते माझ्या तोंडाकडे बघायचे, ओठांचा आकार बरोबर करायचे, आणि आवाजाच्या जागी श्वास बाहेर यायचा. दिवाळीनंतर त्यांनी चित्रांकडे बघणंच सोडलं. चित्र पुढं केलं की भिंतीकडे तोंड करायचे. ज्या माणसानं भांड्याला टिचकी मारून त्यातली न दिसणारी चीर ओळखली, त्याला मी आंबा शिकवत होते. मलाही लाज वाटायला लागली होती. मग मीही चित्रं कपाटात ठेवून दिली.

राहता राहिला टीव्ही. दुपारी जेवण झालं की अप्पा खुर्चीत बसायचे आणि जे लागेल ते बघायचे. आई शेजारी बसून शेंगा नाहीतर तूर निवडायची.

तो शनिवार होता. शाळा सकाळची, म्हणून मी दुपारी घरी होते. एका हिंदी वाहिनीवर जुनी भुताखेतांची मालिका पुन्हा दाखवत होते. त्या दिवसाची गोष्ट डोंगरावरच्या एका पडक्या चर्चची होती. काळे झगे घातलेली माणसं तिथं सैतानाची पूजा करतात, क्रूस उलटा टांगतात, काळ्या मेणबत्त्या पेटवतात, आणि गावातल्या एका नव्या लग्न झालेल्या पोरीला पळवून आणतात. सगळा कारभार स्वस्तातला होता. धूर जरा जास्तच सोडलेला, दगडी भिंत हात लागला की हलत होती. आई मात्र तूर निवडायची थांबून, पदर तोंडाला लावून बघत होती.

"देवाच्या घरात सैतान कसा शिरंल गं?" तिनं मला विचारलं.

"गोष्ट आहे गं आई."

"गोष्ट असली म्हणून काय झालं."

मग त्या पडक्या चर्चमध्ये रिकाम्या बाकांवरून गाणं सुरू झालं. मेलेल्या लोकांचं समूहगान, असं त्या गोष्टीत होतं. शब्द इंग्रजी, चाल संथ, पायरी पायरीनं वर चढणारी. सैतानाचे लोक कान झाकून घ्यायला लागले. आणि आमच्या बैठकीच्या खोलीत दुसरा एक आवाज त्या चालीत मिसळला.

आधी मला तो टीव्हीतलाच वाटला. मग आईच्या हातातलं सूप खाली पडलं, आणि मी वळून बघितलं. अप्पा गात होते.

गुणगुणत नव्हते, गात होते, आणि शब्दांसकट. डोळे मिटलेले, मान किंचित वर, आणि जो जबडा पाच महिने वाकडा पडला होता तो सरळ उघडत होता. शब्द मराठी होते. टीव्हीतले इंग्रजी शब्द एकीकडे चालले होते आणि त्याच चालीवर अप्पांचे मराठी शब्द अगदी चपखल बसत होते. 'मेंढरू' आणि 'उजेड' हे दोन मला स्वच्छ कळले. आवाज म्हाताऱ्याचा होता, पण गाण्याची ढब लहान मुलाची. ओळीच्या शेवटी मुलं जोर देतात तसा जोर.

आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ शिवाचं नाव. आईचं, माझं, अप्पांचं, सगळ्यांच्या गळ्यात इष्टलिंग. अप्पा मठात भजनाला बसायचे, पण टाळ वाजवायचे, गात कधी नव्हते. हे गाणं आमच्या घरात कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं.

आई ओरडली, "बंद कर! बंद कर आधी ते!" तिनंच पुढं होऊन टीव्ही बंद केला. गाणं तुटलं. अप्पांनी डोळे उघडले, आमच्याकडे बघितलं, बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा तोच 'अं'. आईनं धावत जाऊन भस्म आणलं, त्यांच्या कपाळाला, गळ्याला, छातीला फासलं. 

"त्या डब्यातलं ह्यांच्या अंगात आलं," ती म्हणाली. "तूच सांग, पाच महिन्यांत बोलले का हे? आन् आता परक्या देवाचं गाणं म्हणायलेत. हे आपले न्हाईत बोलायले."

मी शिकलेली, मुलांना अंधश्रद्धेवर धडे देणारी. पण खरं सांगते, माझ्याही दंडावर काटा होता. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते डाव्या हातानं टीव्हीकडे बोट दाखवत होते. मला त्या बोटाची भीती वाटली.  मग मला दिसलं की ते बोट रागाचं नव्हतं. एखादं मूल पडलेली वस्तू मागतं तसं ते होतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि जेवढी लक्षात राहिली होती तेवढी ती चाल गुणगुणले. सूर चुकला असणार. पण तिसऱ्या सुराला अप्पांनी माझ्याकडून चाल उचलली आणि शब्द पुन्हा आले. तेच. एकही अडखळला नाही. दोन कडवी झाली. आई दाराला धरून उभी होती. अप्पा थांबले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, एका बाळंतिणीच्या चेहऱ्यावर. दमलेली आणि थक्क झालेली.

"आई," मी म्हटलं, "हे अप्पाच आहेत."

आईनं खाली पडलेलं सूप उचललं. मग म्हणाली, "चुडाव्याला जा. तुझ्या आत्याला इचार. लग्नाच्या आधीचं मला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी रविवारी मी पहाटेची एसटी धरून परभणीला आणि तिथून गाडीनं चुडाव्याला गेले. आत्या अप्पांपेक्षा चार वर्षांनी मोठी. पूर्णा तालुक्यातलं हे गाव तिचं माहेरही आणि सासरही. अप्पांचा जन्मही इथलाच. मी पोचले तेव्हा ती अंगणात उन्हाला पाठ करून हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मी काय झालं ते सांगितलं आणि चाल गुणगुणून दाखवली. तिचे हात थांबले.

"म्हणला का त्यो?" ती म्हणाली. "माय माय! म्हणला का?"

"आत्या, कोणतं गाणं आहे हे?"

तिनं घाट्यांची पाटी बाजूला सरकवली. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच पद्धतीनं सांगायचा प्रयत्न करते, पण तिच्यासारखं मला जमणार नाही.

अप्पा सात वर्षांचे असताना कडब्याच्या भरल्या गाडीवरून पडले आणि चाक मांडीवरून गेलं. आजोबांनी, म्हणजे आत्या-अप्पांच्या दादांनी, त्यांना बाजेवर घालून पूर्णेला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. घरात आजी बाळंतीण होती, म्हणून पोराजवळ राहायला अकरा वर्षांची आत्या. दवाखान्यात एक नर्स होत्या. ख्रिस्ती, मराठी बोलणाऱ्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

"पाय फाडायचा म्हणले," आत्या सांगत होती. "अंगावरचं समदं काढा म्हणले. गळ्यातलं लिंगबी. आता लिंग काढून ठेवायचं कुठं? आपल्यात त्ये भुईला लागू देत न्हाईत. दादा तर गावाकडं गेलेले. म्या रडाया लागले. बाईनं इचारलं, काय झालं गं? म्या सांगितलं. तर तिनं हात धुतले बघ. कोपरापोवतर धुतले. कपाटातून कोरा रुमाल काढला, त्यात लिंग घेतलं, गाठ मारली आन् दोऱ्यानं सोताच्या गळ्यात बांधलं. म्हणली, आता हे भुईला लागणार न्हाई. तू फिकीर करू नको. आन् गेली आत."

"मग?"

"मग काय. पाय शिवून झाला तरी ह्याला शुद्ध न्हाई. दुसऱ्या दिवशी दादा आले. बघतेत तर बाईच्या गळ्यात तिचा क्रूस आन् त्याच्या बाजूला रुमालात आपलं लिंग. म्या भ्याले. दादा लय कडक. बाईनं समदं सांगितलं, गाठ सोडली, रुमाल पुढं धरला. दादा बघतच राह्यले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. माझ्या जन्मात म्या दादाला कुण्या बाईमाणसापुढं हात जोडताना तेवढंच बघितलं."

आजोबांनी बाईंना एकच गोष्ट सांगितली. पोरगा लिंग हातात घेतल्याशिवाय सकाळी पाणी पीत नाही. तीन महिने अप्पा त्या दवाखान्यात होते, आणि तीन महिने रोज सकाळी बाई त्यांच्यासाठी तांब्याभर स्वच्छ पाणी आणि एक बेलाचं पान आणून ठेवायच्या. बेलाचं झाड रेल्वे कॉलनीत कुठं आहे हे त्यांनी कुणाकुणाला विचारून शोधलं होतं. रविवारी बाई चर्चला निघाल्या की अप्पा रडून गोंधळ घालायचे. म्हणून त्या त्यांना प्लास्टर केलेल्या पायासकट पाठीवर घेऊन जायच्या आणि गाणाऱ्यांच्या बाकावर आपल्या शेजारी बसवायच्या. आत्याही मागं बसायची. गाणं तिथलं, इंग्रजी चालीवर बसवलेलं मराठी.

"मग बाईंनी कधी काही म्हटलं का, आमच्यात या वगैरे?"

"एका शब्दानं न्हाई. म्हणायची, तुझा देव तुझ्या हातात हाय, त्याला घट धर."

अप्पा घरी आले ते गाणं म्हणतच. सकाळी डाव्या तळहातावर लिंग ठेवून, डोळे मिटून, ते बाईंचं गाणं म्हणायचे. गल्लीत कुजबुज सुरू झाली. पोरगं बाटलं, असं कुणी म्हणालं. तेव्हा आजोबांनी त्यांना जवळ बसवलं. आत्या तिथंच होती.

"मारलं न्हाई, रागं भरलं न्हाई," ती म्हणाली. "म्हणले, गाणं चांगलं हाय. बाईचं हाय. पर हे मनात ठेव, तोंडात आणू नको. ह्यो हो म्हणला. आन् तवापासून न्हाई म्हणला बघ. दादा गेल्यावरबी न्हाई. एकदा म्याच म्हणलं होतं, अरे आता कोण इचारायलंय? तर म्हणला, अक्का, दादाला जबान दिली हाय."

 मी अंगणात बसून हिशेब लावत होते. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षं. माझ्या सगळ्या आयुष्यभर, दुकानात, जेवताना, गावाला जाताना, हा माणूस एक पूर्ण गाणं आत सांभाळून बसला होता आणि त्याचा एक सूर बाहेर सांडला नव्हता. आणि मेंदूत जिथं आंबा, पाणी, माझं नाव, आईचं नाव सगळं पुसलं गेलं, तिथं ते एकटं शाबूत राहिलं होतं.

आजोबांनी पुढं बाईंची बदली होईपर्यंत दर वर्षी त्यांना हुरडा पाठवला, असंही आत्यानं सांगितलं. बदली कुठं झाली ते कुणालाच माहीत नव्हतं.

"त्याला तिथं घेऊन चल," ती शेवटी म्हणाली. "गिरजाघर हाय अजून. म्याबी येते."

पुढच्या रविवारी आम्ही पूर्णेला गेलो. अप्पा, आई आणि मी परभणीकडून, आत्या चुडाव्याहून. आई आधी यायला तयार नव्हती. टीव्हीतलं ते चर्च तिच्या मनातून जात नव्हतं. पण आत्याची गोष्ट मी तिला दोनदा सांगितली होती, आणि निघताना तिनं पिशवीत दोन नारळ टाकले.

चर्च रेल्वे कॉलनीच्या कडेला, कडुलिंबाखाली. डोंगर नाही, धूर नाही. काळ्या दगडाची बसकी इमारत, वर पत्रे, दाराशी एक हातपंप. प्रार्थना होऊन लोक घरी गेले होते. किल्ली सांभाळणारे एक निवृत्त रेल्वेचे काका तेवढे झाडून घेत होते. मी त्यांना आमची हकिकत सांगितली, मालिकेसकट. मालिकेचं सांगताना मला संकोच वाटत होता.

ते हसले. "बघितली ना म्या. माझी नात त्या दिवसापासून इथं यायला भितीय. तिला सांगितलं, आपल्याकडं पालीशिवाय कुणी ऱ्हात न्हाई." मग अप्पांकडे बघून म्हणाले, "या, आत या. चप्पल काढायची असली तर काढा, न्हाईतर राहू द्या."

आईनं चप्पल काढली. आम्ही सगळ्यांनी काढली.

आत थंड होतं. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, वर लांब दांडीचे पंखे, समोर साधा लाकडी क्रूस आणि एका बाटलीत झेंडूची फुलं. उंच खिडकीतून उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता. अप्पा दारात थांबले. मग माझा हात सोडून, पाय ओढत, भिंतीला न धरता ते डाव्या बाजूच्या दुसऱ्या बाकापर्यंत गेले आणि बसले. कुणी सांगितलं नव्हतं. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "तीच जागा."

त्यांनी गायला सुरुवात केली. चाल कुणी दिली नव्हती. घरात गायले त्याहून आवाज मोठा होता, आणि त्या दगडी भिंती तो घेऊन परत देत होत्या. दुसऱ्या कडव्याला काकांनी झाडू बाजूला ठेवला आणि तेही गायला लागले. त्यांना शब्द पाठ होते. तिसऱ्या कडव्याचे शब्द अप्पांकडे नव्हते. ते सात वर्षांच्या मुलाला कदाचित आलेच नसतील. तिथं ते थांबले आणि काका एकटे गायले, आणि अप्पा तोंड उघडं ठेवून, एकेक शब्द पीत ऐकत राहिले.

गाणं संपल्यावर अप्पांनी डाव्या हातानं सदऱ्यातून लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली. एका हाताला ती उघडेना. आई पुढं झाली. माझ्या मनात आलं, आता ती म्हणणार, इथं नको. पण तिनं डबी उघडली, लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं, आणि स्वतः त्यांच्या शेजारी बाकावर बसली. काका मान खाली घालून उभे होते.  बाहेर मालगाडी गेली, खिडक्या थरथरल्या, आणि पुन्हा शांत झालं. मी देवळांत गेले आहे, मोठ्या यात्रांना गेले आहे. देव इतक्या जवळ असल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि तो कुणाचा देव हा प्रश्न त्या वेळी मनातही आला नाही.

मग अप्पा म्हणाले, "बाई."

गाण्यात नव्हे. नुसतं म्हणाले. पाच महिन्यांतला पहिला शब्द. आत्यानं तोंडावर पदर घेतला.

आईनं ते दोन नारळ काकांना दिले. काय करायचं ते काकांना कळेना. "प्रसाद म्हणून खा," आई म्हणाली, "आन् त्या नातीला द्या."

परभणीच्या बोलण्याच्या डॉक्टरबाईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. बोलण्याची जागा मेंदूत एकीकडे असते आणि गाण्याचा बराचसा भाग दुसरीकडे, म्हणाल्या. काहींना बोलता येत नाही पण गाता येतं. त्यांनी आम्हाला गाण्याच्या चालीवर छोटी वाक्यं बसवून म्हणायला शिकवलं. 'पाणी द्या', 'भूक लागली', 'पंखा लावा'. मला त्यांचं म्हणणं पटलं आहे. तरी सबंध उत्तर मिळालं असं वाटत नाही.

पहिले महिने अवघड गेले. रागावले की अप्पांचे शब्द पुन्हा हरवायचे. आता वर्ष होत आलं. साठ-सत्तर शब्द आहेत, काही सुरात, काही बिनसुराचे. दुकान मी सुट्टीच्या दिवशी उघडते आणि ते गल्ल्याजवळ बसतात.

नावं मात्र सगळ्यात उशिरा येतात. परवा मी शाळेतून आले, तर त्यांनी हाक मारली, आईच्या नावानं. आतून आईनं ओ दिली. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले, आणि आत्याचं नाव घेतलं. पुन्हा मान हलवली. मी दारातच पिशवी खांद्यावर धरून उभी राहिले, मदत केली नाही. तिसऱ्या वेळेस माझं नाव आलं, मधलं अक्षर गाळून.

"ओ, अप्पा," मी म्हटलं.